‘मी’ असं लिहिलेली नळी

१२ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझ्या चिठ्ठीला उत्तर द्यायला तीन महिने लावले, त्याबद्दल माफी मागते. वर ‘कामात होते’ असं लिहून खोडलंय, ते तुला दिसत असेल. दिसू दे. काम होतंच, पण पत्र लिहिता येऊ नये इतकं काम कुणालाच नसतं. खरं कारण असं की आई गेल्यावर तुला काय लिहावं हे मला ठरवता येत नव्हतं. सांत्वन करावं तर तुझं करावं की तूच माझं करावंस, इथपासून गोंधळ होता.

परवा दादाचा फोन आला. तू स्वयंपाकघरात असणार, कारण तो मुद्दाम मोठ्याने बोलत होता. म्हणाला, ‘लोक दवाखान्यात जाऊन मरतात. आमच्याकडे दवाखानाच चालत घरी आला.’ मी ‘हं’ म्हटलं. नंतर डायरीत लिहिलं, दादा असं बोलला आणि मी हं म्हटलं. मग त्या ‘हं’खाली दोन रेघा ओढल्या. तो ‘हं’ मला सोडत नाही, म्हणून हे पत्र.

माझं काम मी तुला नीट कधी सांगितलं नाही. विषाणू म्हणजे तीसेक हजार अक्षरांची एक लांबलचक ओळ समज. माणसागणिक तो स्वतःची नक्कल करत जातो, आणि नक्कल करणारा कधीतरी चुकतोच. साधारण पंधरा दिवसांत एखादं अक्षर चुकतं. ती चूक मग पुढच्या सगळ्या नकलांमध्ये जाते. शाळेत एकाचं गणित चुकायचं आणि तेच चुकीचं उत्तर मागच्या बाकापर्यंत पोचायचं, तेव्हा कुणी कुणाचं बघून लिहिलं ते मास्तरांना बरोबर कळायचं. आम्ही ते मास्तर. दिवसभर चुका मोजत बसतो, आणि विषाणूची कुठली फांदी कुठून कुठे पसरली ते नकाशावर मांडतो.

तुमच्या दवाखान्यातल्या नमुन्यांच्या नळ्या शेवटी आमच्याकडेच येतात. आईची आणि तुझी नळी इथल्या उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये आहे. तुझ्या वॉर्डातल्या पेशंटांच्याही आहेत. आणि माझीही. दर सोमवारी आम्हाला स्वतःचा नमुना द्यावा लागतो. बाकीचे नळीवर आपापली नावं घालतात, मी घाईत नुसतं ‘मी’ लिहिते. नोंदी ठेवणाऱ्या बाई वैतागतात. म्हणतात, ‘मॅडम, इथे सगळेच मी आहेत.’ आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आले होते, त्या पाच दिवसांत मला तुमच्याकडूनच प्रसाद मिळाला, हे तुला आठवत असेल. परत आले आणि पॉझिटिव्ह निघाले.

तर माझं म्हणणं असं. तू सांगितलंस तर मी या नळ्या वाचते. आधीच सांगून ठेवते, तुला बरं वाटावं म्हणून मी खोटं बोलणार नाही. तो तुझ्या वॉर्डातूनच आला असावा, असं मलाही वाटतं. पण वाटणं वेगळं आणि कळणं वेगळं. जे निघेल ते मी जसंच्या तसं लिहीन.

तुझी,
टिपकागद

(सगळं वहीत टिपून ठेवते म्हणून हे नाव दादाने ठेवलं, पण हाक मारावी तर तूच. तुझ्या तोंडी ते शिवीसारखं वाटत नाही.)


१९ फेब्रुवारी

टिपकागदबाई,

पत्र दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवलंस, शहाणी आहेस. पुढचंही इथेच पाठव. फोन नको. आमच्याकडे आता फोन स्पीकरवर ठेवूनच बोलायचा, असा नियम आहे. ‘लपवण्यासारखं काही नसेल तर ऐकू दे की,’ असं तुझ्या दादाचं म्हणणं.

त्याने मला नवीन नाव दिलंय. सिस्टर. ‘सिस्टर, चहा झाला का?’ ‘सिस्टर, आज किती मारलेत?’ लोकांसमोरसुद्धा. पहिल्यांदा लोक हसले, मग त्यांना कळलं, मग ते येईनासे झाले. लग्नाला बावीस वर्षं झाली, याने मला कधी नावाने हाक मारली नाही. ‘अगं’ म्हणायचा. माझी आई म्हणायची, नवरा नाव घेत नाही म्हणून काय कुरकुरतेस. आता त्या ‘अगं’ची किंमत कळतेय.

गॅसच्या वर त्याने एक कॅलेंडर टांगलंय. रोज सकाळी त्यावर एक आकडा लिहितो. आईंना जाऊन किती दिवस झाले, तो. आज १०८. मोजणी खात्यातला माणूस, मोजल्याशिवाय त्याला दुःखही होत नाही. पोळी उलटताना मान वर केली की आकडा समोर.

मीही मोजते गं. ऑक्टोबरभर मी मागच्या खोलीत झोपत होते. ड्यूटीवरून आले की बाहेरच्या नळावर हातपाय, कपडे बादलीत, मग आत. आईंच्या खोलीत महिनाभरात दोनदा गेले असेन, तेही मास्क लावून, उंबऱ्यापर्यंत. औषधं घालायला तू होतीस, म्हणून मी निश्चिंत होते. मग कसा गेला? मागच्या खोलीतून खोकले का? बादली आत आणली का कधी? रोज एक नवी चूक सापडते, आणि ती माझीच असते. आईंना ताप आल्यावर मात्र आत मीच होते, तेरा दिवस. दुसरं कोण जाणार? तुझा दादा दारातून सूचना द्यायचा. चौथ्या दिवशी मलाही ताप भरला, तर म्हणाला, ‘बघ, आता उघड झालं. आधीपासूनच होता तुला.’

तेव्हा वाच तू. माझ्याकडून गेला असं निघालं तर तसं लिही. निदान शोधणं तरी थांबेल. मला आता शिक्षेचा त्रास होत नाही, चौकशीचा होतो.

घरातल्या नळ्या मीच भरल्या. तुझ्या दादाची भरली, ती निगेटिव्ह आली. आईंच्या नळीवर ‘सासूबाई’ लिहिल्याचं आठवतं. माझ्या नळीवर काय लिहिलं ते आठवत नाही, अंगात ताप होता. बहुतेक तुझ्यासारखं ‘मी’च लिहिलं असेल. तुला अक्षरावरून कळेल.

जाण्याच्या आदल्या दिवशी आई तुझं नाव काढत होत्या. म्हणाल्या, ‘टिपकागद डोळ्यात औषध घालायची तेव्हा थंड वाटायचं. तुझा हात खरखरीत आहे.’ आहेच. दिवसातून चाळीस वेळा धुतलेला हात आहे तो.

तुझी,
वहिनी


६ मार्च

प्रिय वहिनी,

निकाल हाती येऊन आठ दिवस झाले. उशिराचं कारण यंत्राला चिकटवणार नाही. यंत्र ठीक होतं. पुढची वाक्यं मी तोलून लिहिली आहेत, तूही तशीच वाच.

आईच्या नळीतला विषाणू आणि ‘मी’ असं लिहिलेल्या नळीतला विषाणू यांच्यात तीस हजार अक्षरांपैकी एकाच अक्षराचा फरक आहे. ‘मी’मध्ये असलेल्या सगळ्या चुका आईच्या नमुन्यात आहेत, आणि आईच्या नमुन्यात वर एक जास्त आहे. याचा अर्थ ‘मी’मधला आधीचा आणि आईचा नंतरचा.

एवढंच खात्रीने सांगता येतं. आमच्या शास्त्रात साखळी दिसते, हात दिसत नाही. ‘हिने तिला दिला’ असं वाक्य मी कुठल्याही अहवालात लिहू शकत नाही. मध्ये तिसरं कुणी असू शकतं. तुझ्या वॉर्डातले सव्वीस नमुनेही वाचले, त्यांच्याबद्दल सवडीने लिहीन, ते जरा किचकट आहे. आणि एक सांगते, विषाणू कुणाची परवानगी घेऊन येत नाही. ज्याच्याकडून आला तो माणूस दोषी, असं मानलं तर जगात निर्दोष कुणीच उरणार नाही.

तू खरं लिही म्हणालीस. वरच्या प्रत्येक शब्दाची मी खातरजमा केली आहे.

कृपा करून दादाला यातलं काही सांगू नकोस. त्याला कळून कुणाचं भलं होणार आहे? आणि नोकरी सोडू नकोस. माझं ऐक, हळूहळू सगळं निवळेल.

दोन दिवस झाले, इथे फ्रीझरचा गजर सारखा वाजतोय. बिघाड काहीच नाही. दार नीट लागलेलं असतं, तरी वाजतो.

तुझी,
टिपकागद


१४ मार्च

टिपकागद,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मग माझी वॉर्डातली वही काढली आणि ताडून पाहिलं. आता शंका उरली नाही. इतकं तोलून लिहिलंस, उपकार झाले.

सांगू नकोस म्हणालीस, पण मी सांगितलं. जेवायला बसलो होतो. म्हटलं, ‘मीच आणला. तुमच्या बहिणीच्या प्रयोगशाळेत सिद्ध झालंय.’ त्याने हातातला घास ताटात ठेवला आणि साडेचार महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता गं, समाधान होतं. हद्दीची मोजणी जुळली की साहेब लोकांच्या चेहऱ्यावर असतं, तसं. म्हणाला, ‘लिहून दे.’ मी हात धुतला आणि लिहून दिलं. तारीख घातली, सही केली. त्याने ते दोनदा वाचलं, ‘आणला’वर माझा अनुस्वार पडला होता, तो खोडला, आणि घडी करून आईंच्या तसबिरीमागे ठेवलं. मग उरलेलं जेवला. भातही घेतला.

उद्या मी निघते. लांबच्या एका रुग्णालयात जागा आहे, राहायला खोली देतात. कुठे ते सांगत नाही. लिहायचंच असेल तर याच पत्त्यावर लिही, मेट्रन पुढे पाठवतील.

कॅलेंडरवर आज १३१ होतं. निघताना पान उलटून ठेवणार होते, राहू दिलं. त्याला उद्या लिहायला जागा हवी.

तुझ्याकडे एकच मागणं. ती ‘मी’ लिहिलेली नळी फेकू नकोस. जपून ठेव.

वहिनी


२ एप्रिल

वहिनी,

हे पत्र मी सात वेळा सुरू केलं. सहा वेळा त्यात स्वतःबद्दलची दया आली, म्हणून फाडलं. यातही आली असेल तर ती सोडून वाच.

ती नळी माझी आहे. सोमवार, १९ ऑक्टोबरची, मी स्वतः भरलेली. तुझ्या नळीवर तू ‘सून’ लिहिलं होतंस. तापातलं अक्षर असूनही माझ्यापेक्षा सुबक. तुझं पत्र घेऊन मी फ्रीझरपाशी गेले, ती ‘सून’ लिहिलेली नळी हातात धरली, तुझं अक्षर ओळखलं, आणि तरीही ते पत्र लिहिलं.

आता जे निघालं ते सगळं लिहिते. माझ्यातला विषाणू आधीचा. आईच्या नमुन्यात माझ्या सगळ्या चुका, वर एक. तुझ्या नमुन्यात आईच्या सगळ्या चुका, वर आणखी एक. म्हणजे मी, मग आई, मग तू. तुला तो आईकडून झाला, तिचं करताना. वॉर्डातले सव्वीसच्या सव्वीस नमुने वेगळ्याच फांदीवरचे आहेत. त्यांचा आपल्या घराशी काडीचा संबंध नाही. ते ‘किचकट’ वगैरे काही नव्हतं, दहा मिनिटांत दिसलं होतं. आपल्या घरातली फांदी त्या आठवड्यात फक्त आमच्या शहरात होती.

आणि तीस हजार अक्षरं वाचायचीही गरज नव्हती. माझी डायरी वाचली असती तरी पुरलं असतं. १७ ऑक्टोबर: ‘घसा बसलाय. प्रयोगशाळेतल्या एसीची कृपा. आई म्हणते, तोंड बांधून डोळ्यात औषध घालतेस, दरोडेखोर दिसतेस, काढ ते फडकं. काढलं. हसली.’ दिवसातून चार वेळा मी तिच्या चेहऱ्यावर वाकत होते वहिनी. पापणी धरायला वीतभर अंतरावर जावं लागतं.

मी असं का केलं, ते चार ओळींत मांडून पाहिलं. तुझ्यावर आळ आधीपासून होता, तुला त्याची सवय झाली होती. माझ्यावर नव्याने आला असता. ज्याच्या डोक्यावर बोजा आहे त्याच्याच डोक्यावर आणखी एक गाठोडं ठेवावं, तसा मी विचार केला. तू लिहिलंस की बहुतेक मीही ‘मी’च लिहिलं असेल, आणि मला वाट सापडली. मला खोटं लिहावंसुद्धा लागलं नाही. तेव्हा त्याचा मला अभिमान वाटला होता, हेही लिहून टाकते.

दादाला आजच वेगळं पत्र टाकलंय. सगळं लिहिलंय, आलेख जोडलेत, डायरीचं पान जोडलंय. तो तुला न्यायला येईल. यायलाच हवा. तू परत ये.

टिपकागद


११ एप्रिल

वन्सं,

बावीस वर्षांत मी तुम्हाला कधी वन्सं म्हटलं नाही, अहो-जाहो केलं नाही. आज दोन्ही करते.

तुमची कबुली मिळाली. मला ती ताजी बातमी नव्हती. तुमचं सहा मार्चचं तोललेलं पत्र आलं, त्याच दुपारी मी वही काढली, हे मी तुम्हाला लिहिलंही होतं. नळी भरली की वहीत नोंद करायची, हे आमच्या हाडात मुरलेलं असतं, ताप असला तरी. त्या पानावर माझ्याच हाताने लिहिलंय: ‘सासूबाई. मुलगा. सून.’ ‘मी’ कुठेच नाही. आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात, नळीवर ‘मी’ लिहायचं नाही. उद्या माणूस मेला तर वाचणाऱ्याला काय कळणार, कोण मी? आणि मग तुमचा फेब्रुवारीतला विनोद आठवला. इथे सगळेच मी आहेत.

खूप हसले. खरंच. मेट्रननी विचारलं, सिस्टर, काय झालं? म्हटलं, घरचं पत्र आहे.

त्याच दिवशी तुम्हाला जाब विचारता आला असता. मग काय झालं असतं ते सांगू? तुम्ही रडला असतात. दादाला सांगितलं असतंत. त्याने दोन दिवस तोंड पाडलं असतं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला असता, ‘आईच्या डोळ्यांसाठी आली होती बिचारी. तिला काय माहीत?’ लेक असली की बिचारी, सून असली की सिस्टर. मग कॅलेंडर काढून ठेवलं असतं, मला ‘अगं’ म्हणाला असता, आणि मी चहा टाकला असता. वीस वर्षं अजून तो चहा.

तो मला नको होता. म्हणून मी ‘मीच’ म्हटलं आणि लेखी दिलं. तुम्हाला वाचवायला नाही. तुमचं दार बंद करायला. मोजणीवाल्या माणसाला सही म्हणजे दगडावरची रेघ. आता तुम्ही आलेख पाठवा, फांद्या पाठवा, डायऱ्या पाठवा. तो काय म्हणेल ते मला इथे बसून ऐकू येतंय. घर सोडताना बायका दागिने नेतात. मी तुमचा खरेपणा घेऊन आले. तुम्हाला त्याचा फार लळा होता.

आईंच्या डोळ्यांत शेवटचे तेरा दिवस औषध मीच घातलं. खरखरीत हाताने. त्यांना माझ्याकडून काही झालं नाही, हे मला आता पक्कं माहीत आहे. ते तुमच्यामुळे कळलं, त्याबद्दल आभार. झोप लागते.

त्या घरात आता सिस्टर कुणी नाही. ती जागा नात्याने तुमचीच आहे.

मेट्रनना सांगून ठेवलंय. यापुढे तुमचं पाकीट आलं तर ते न फोडता परत जाईल.

सून


१३ एप्रिल

प्रिय टिपकागद,

तुझं जाड पाकीट मिळालं. आलेखातलं काही कळलं नाही, कळायची गरजही वाटली नाही. तुझं मन कळलं, तेवढं पुरे.

लहानपणापासून तू अशीच. आठवतं का, माळ्यावरची काचेची बरणी माझ्या हातून फुटली होती आणि तू आईपुढे जाऊन ‘मी फोडली’ म्हणालीस? तेव्हा मार खाल्लास. आता पुन्हा तेच करायला निघालीस, आणि तेही कुणासाठी, तर जिने स्वतःच्या हाताने लिहून दिलंय तिच्यासाठी. तारीख आहे, सही आहे. सही खोटी आणि तुझे रंगीत फाटे खरे, असं मी कसं मानू? स्वतःच्या डायरीचं पानसुद्धा बनवलंस तिला वाचवायला. वेडी आहेस.

कुणी भेटायला आलं की तुझं पत्र वाचून दाखवतो. सगळ्यांच्या डोळ्यात पाणी येतं. म्हणतात, अशी नणंद मिळायला भाग्य लागतं, त्या बाईला कळलं नाही.

आईच्या डोळ्यांचं औषध निम्मं उरलं होतं. बाटली मी जपून ठेवली होती. तिच्यावर खरा हक्क तुझा, शेवटची सेवा तुझ्या हातची. पार्सलने पाठवतो आहे.

आज १६१.

तुझा,
दादा


२१ एप्रिल

वहिनी,

सोळा तारखेला तुला लिहिलेलं पाकीट आज परत आलं, न फोडता. तू सांगितलं होतंसच, तरी पाठवून पाहिलं. म्हणजे हेही पोचणार नाही. वहीतच लिहिते. कुणाला तरी उद्देशून लिहायची सवय झाली आहे.

बाटली काल आली. दादाने ती कापसात गुंडाळून, आईच्या चष्म्याच्या डबीत घालून पाठवली आहे. झाकणावर बोटाचा ठसा आहे. माझा की तुझा, कोण जाणे. दोन्ही असतील, एकावर एक.

दादाचं पत्र वाचल्यावर मी माळा उपसला. पाचवीत असताना लिहायला घेतलेली वही अजून आहे, पहिलीच. बरणीचं पान सापडलं. ‘आज काचेची बरणी फुटली. दादाला खूप मार बसला. मला वाईट वाटलं.’ इतकंच आहे.

बरणी मी फोडली होती, वहिनी. स्टुलावर चढले होते. आईपुढे मी काहीही म्हणाले नव्हते. दादाला ओल्या टॉवेलने मार बसला आणि मी बाजूला उभी राहून बघितला. वहीत कुठे खोटं नाही. बरणी फुटली, हे खरं आहे. मार बसला, हेही खरं. दहा वर्षांची होते आणि तोलून लिहीत होते.

हे दादाला कळवावं असं मनात आलं. फोन उचलला आणि ठेवला. तो ते पुढच्या पाहुण्याला वाचून दाखवेल.

मी खरी निर्मळ असते तर तू एवढी क्रूर झाली नसतीस, असं सकाळी लिहिलं होतं. आता वाचलं तर त्यातही तुझ्यावर ढकललंय. खोडते.

दुपारी नोंदीवाल्या बाई आल्या होत्या. वर्षभराच्या नमुन्यांचं झाड छापायला चाललंय, सगळ्या फांद्या, सगळी पानं.

‘मॅडम, एक्केचाळिसाव्या ओळीत तुमचा तो ‘मी’ आहे. बिननावाचं पान छापत नाहीत. काढून टाकू?’

‘काढू नका.’

‘पण त्याच्यापुढे दोन पानं लटकतायत, एक सासूबाई आणि एक सून. त्यांचीही नावं नाहीत, पण निदान नातं तरी कळतं. हा मी कोण लिहू?’

‘थांबा जरा.’

‘थांबले असते हो, पण छापायला गेल्यावर पुन्हा दुरुस्ती नाही. मग नाव काय घालू?’

मी म्हटलं, मी घालते. त्या हसल्या. म्हणाल्या, ‘बघा, पुन्हा मी!’

उद्या: नोंदवही, ओळ ४१. ‘मी’ खोडून पूर्ण नाव लिहिणे.